बाहीची गाठ

बेटावरच्या त्या अतिथिगृहातल्या न्हाणीघराला चार भिंती होत्या, पण छप्पर नव्हतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून उघडी छत्री घेऊन आंघोळ सुरू केली. "वरून पाखरं बघतात," असं त्यांचं म्हणणं. पण एकदा आत शिरल्या की बाहेर यायचं नाव घेत नसत, आणि घरी कधी न ऐकलेली गाणी आतून ऐकू येत. त्यांचा मुलगा, एरवी इस्त्री मोडेल म्हणून बसमध्ये उभा राहणारा माणूस, ओल्या केसांनी व्हरांड्यात दुपारभर घोरत पडायचा. अंथरुणात वाळू होती, चहात वाळू होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

चैन पडत नव्हती ती फक्त सुनेला, बबडीच्या आईला. घरी तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. मशीन सोडून आल्यापासून तिचे हात शिवशिवत होते. समोर एवढा निळाशार समुद्र, आणि ती बसलीय पडद्याची उसवलेली दुमड निरखत. "अगं, सुट्टीवर आलोय आपण," नवरा डोळे न उघडता म्हणायचा. तिला ते कळत होतं, पण वळत नव्हतं.

बबडीसाठी तिने एकाच निळ्या पट्ट्यांच्या कापडाचे दोन फ्रॉक शिवले होते. एक अंगात, एक दोरीवर. झोपाळ्यावरून पडल्यापासून पोरीचा डावा खांदा किंचित उतरता होता. शाळेत कुणी चिडवू नये म्हणून आई प्रत्येक फ्रॉकच्या डाव्या खांद्यात आतून कापडाची पातळ घडी शिवायची. खांदे सरळ दिसत. हे गुपित मायलेकींचं होतं. बाबांच्या तर लक्षातही आलं नव्हतं.

कपडे धुवायला एक मावशी यायच्या. हात स्वच्छ, बोलणं मोजकं. पण दोरीवर घातलेल्या प्रत्येक कपड्याच्या दोन्ही बाह्यांना त्या गाठ मारून ठेवायच्या. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे कसं बघवणार? ओल्या कापडावर पडलेली चुणी इस्त्रीलाही दाद देत नाही.

"मावशी, गाठी कशाला मारता?"

"वारा शिरतो, ताई."

"त्याला चिमटे आहेत की."

"चिमट्यांनी कपडा राहतो. आत शिरणारं थांबत नाही," मावशी म्हणाल्या आणि रिकामी बादली उचलून चालू लागल्या.

बबडीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिने पाण्याकाठी खेकडे शोधून काढले होते. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटून, ते पाठीवर घेऊन फिरणारे. "आई, त्यांना मोठं घर मिळालं ना, की ते जुनं सोडतात. मग दुसरा लगेच त्यात घुसतो. रांग लावून वाट बघतात गं." तिचे खिसे शंखांनी भरलेले असत आणि रात्री आई ते उलटे करून झटकत असे.

निघायच्या आदल्या दुपारी आईला राहवलं नाही. मावशी गेल्याचं बघून तिने दोरीवरच्या निळ्या फ्रॉकच्या गाठी सोडल्या, बाह्या तळहाताने सपाट केल्या आणि समाधानाने पायरीवर येऊन बसली.

वारा पडला होता. नारळाचं पातंही हलत नव्हतं. तरी फ्रॉकचा घेर सावकाश फुगला. तिला वाटलं, उन्हाने डोळे दिपलेत. तिने ते चोळले आणि पुन्हा बघितलं, तर दोरीवर नुसते दोन चिमटे होते.

पाण्याकाठी बबडी पाठमोरी बसली होती. निळा फ्रॉक, दोन वेण्या. आईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात मागच्या न्हाणीघरातून हाक आली.

"आई, टॉवेल दे ना."

आवाज बबडीचा होता.

आधी कुठे जावं? डोळ्यांना दिसत होती ती पोर खरी, असं तिने ठरवलं. धावत काठाशी गेली आणि तिचा हात धरला. "तू आंघोळीला गेली होतीस?"

"मी तर इथेच आहे," मुलगी म्हणाली. हात गार होता.

तिला ओढतच आई न्हाणीघराशी आली. नळ वाहत होता. फरशीवर छोट्या पावलांचे ओले ठसे दारापर्यंत आले होते, पुढे नव्हते. खुंटीला दुसरा निळा फ्रॉक लटकत होता. खिसे शंखांनी जड.

"तिने दोरीवरचा घातला आणि अंगातला इथे टाकला. त्यात काय एवढं?" नवरा म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "समुद्राच्या गाजेत मलाही हाका ऐकू येतात गं." हिशेब बरोबर होता. आईने तो मानला, कारण मानायला हवा होता.

सकाळी होडी निघाली. आईने उन्हासाठी सुती शर्ट नुसताच खांद्यांवर टाकला होता. मुलगी मांडीवर बसली होती, एरवीपेक्षा जड. सवयीने आईचा हात तिच्या डाव्या खांद्यावर गेला.

फ्रॉकमधली घडी फुगून वर आली होती. खाली भरून काढायला काही नव्हतंच. दोन्ही खांदे सरळ होते.

"ते काढून टाक ना," मुलगी हळूच म्हणाली. "आता लागत नाही."

नवऱ्याने सामानावरून नजर फिरवली. "काही राहिलं नाही ना?"

"नाही बाबा," मुलीने सांगितलं. "काहीच नाही."

आईने मागे अतिथिगृहाकडे बघितलं. खुंटीवरच राहिलेला फ्रॉक मावशींनी धुऊन दोरीवर घातला होता. बाह्यांना गाठी होत्या, घट्ट. वारा नव्हता. तरी फ्रॉकचा घेर खालून पुन्हा पुन्हा ताणला जात होता. काही हवं असलं की बबडी आईचा कपडा ओढायची, तसाच.

"होडी वळवा," आई म्हणाली. मग ओरडली, "अहो, वळवा ना."

इंजिनाच्या आवाजात नवऱ्याने नुसती मान डोलावली आणि हसून पुढे बघितलं.

मांडीवरच्या मुलीला मात्र ऐकू गेलं. तिने आईच्या खांद्यावरून लोंबणारी शर्टाची रिकामी बाही हातात घेतली आणि तिला नीट गाठ मारली. मग दुसरी घेतली.