सव्वादहावरचा आवाज

चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चेहरे मी विसरते, आवाज विसरत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की म्हातारीला भास झाला.

आमच्या छपरावर अँटेना होता. सगळ्या आळीने केबल घेतली, आमच्या ह्यांनी नाही. "आकाशातून फुकट येतंय, त्याला खाली मान घालून नाही म्हणायचं?" असं त्यांचं. वारा सुटला की अँटेना फिरायचा, चित्राचे चौकोन पडायचे. मग एकाने वर चढायचं, एकाने खिडकीशी उभं राहून सांगायचं. पहिल्याच वर्षी डाव्या-उजव्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, कारण छपरावरून त्यांचं डावं ते माझं उजवं. तेव्हापासून आम्ही घड्याळ धरलं. रस्त्याकडे बारा, मागच्या डोंगराकडे सहा. मी खालून म्हणायचे, "दहा... थोडं पुढे... सव्वादहा. बस." टॉवर सव्वादहावर होता.

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द मात्र येणार नाही. माझी धाकटी नणंद मदतीला येऊन राहिली. आठ महिने त्या घरात आम्ही दोघीच बोलत होतो, तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, मोठ्याने आणि उगाचच आनंदात.

एका दुपारी चित्र गेलं. ते पडद्याकडे नुसते बघत राहिले. मी पदर खोचला, पाना घेतला आणि शिडी लावली. नट सैल करून पाइप हातात धरला, तोच खालून आवाज आला.

"दहा. पुढे घे. सव्वादहा. बस."

माझा हात थांबला. जरासा घोगरा, 'बस'वर उतरणारा. लाखात ओळखला असता.

मी धावतच खाली आले. चित्र स्वच्छ होतं. ते उशीला टेकून बसले होते, ओठ तसेच एका बाजूला ओढलेले. नणंद वाटाणे सोलत होती.

"वन्सं, हे बोलले?"

"दादा? नाही बाई. मीच हाका मारत होते, आलं आलं म्हणून."

"घड्याळाचं कोण म्हणालं?"

"कसलं घड्याळ?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "वहिनी, उन्हातून आलीस. पाणी पी."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच जाऊन नट सैल करून आले, वाऱ्याने अँटेना फिरावा म्हणून. लाज वाटली, पण केलं. रोज करू लागले. खोलीत त्यांचा हात हातात घेऊन तासभर बसलं तरी हूं नाही, आणि वर पाइप धरला की आवाज. त्यासाठी मी सत्तराव्या वर्षी रोज शिडी चढत होते. नणंद म्हणायची, "त्या अँटेनापेक्षा तूच जास्त फिरतेस."

मी वरून विचारायचे, "दुखतंय का कुठे?" थोड्या वेळाने उत्तर यायचं, "सव्वादहा." मला हसू यायचं. लग्न झाल्यापासून असेच होते. विचारावं एक, सांगणार आपलंच.

त्या दिवशी सकाळीच मी नट सैल करून ठेवला होता. दुपारी औषधं आणायला गेले, तीनच्या पुढे परतले. मागच्या दाराने आले. आधी आत जायला हवं होतं. मी पिशवी पायरीवर ठेवली आणि सरळ शिडी चढले.

"सहा," आवाज आला.

"अहो, तिकडे डोंगर आहे."

"सहा."

मी पाइप फिरवला.

"बस." मग जरा थांबून, "आता उतर. दमलीस तू."

आठ महिन्यांत आकड्यांखेरीज पहिलं वाक्य. मी रडतच खाली आले.

नणंद खाटेपाशी जमिनीवर बसली होती. टीव्ही बंद होता.

"तीनला गेला गं दादा," ती म्हणाली. "तू दुकानात होतीस."

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन.

अँटेना मी परत फिरवला नाही. पुढे एक मेकॅनिक आला, वर जाऊन पाहून आला. म्हणाला, "आजी, हा डोंगराकडे वळलाय. तिकडे टॉवरच नाही. चित्र येतंय कसं?" मी त्याला चहा दिला आणि हात लावू नको म्हटलं.

चित्र अजून स्वच्छ येतं. दुपारी एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होईपर्यंत क्षणभर शांतता असते. इतरांना ती शांतताच वाटते. पण लाइन मेलेली असली की कशी वाटते आणि पलीकडे कोणी रिसीव्हर उचलून गप्प असलं की कशी, हे मला कळतं.

परवा नणंद बाहेर गेली होती. त्या शांततेत मी हळूच म्हटलं, "हॅलो."

लाइनीच्या पलीकडे त्यांची खाट करकरली. झोपलेलं माणूस दुसऱ्यासाठी जागा करायला भिंतीकडे सरकतं, तशी.