सातव्या बाटलीतलं पाणी

खामगावचे डॉक्टर रमाकांत किराणा घ्यायला वाण्याकडे गेले की दुकानात हसू फुटायचं. माणूस घेणार काय, तर चार लवंगा, चिमूटभर हिंग, कापराच्या दोन वड्या. आणि तेवढ्यासाठी सारे डबे हुंगून बघणार! "डॉक्टरसाहेबांकडे भाजी शिजते, की नुसती हुंगतात?" असं वाणी म्हणायचा. डॉक्टर ते हसण्यावारी न्यायचे. स्वतःच्या कामाविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सरकी काढायच्या जिनातल्या कापसाच्या धुळीनं म्हणा, साथीच्या तापानं म्हणा, वास गेलेली एकतीस नाकं त्यांनी उघडली होती. आत वाढलेलं मांस तारेच्या फासात धरून काढायचं, आणि महिन्याभरानं सात बाटल्या हुंगायला द्यायच्या. सहांत वाण्याकडच्या वासाच्या वस्तू. सातवीत नुसतं उकळून गार केलेलं पाणी, कारण आपली माणसं भिडस्त. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून काहीही नाव ठोकून देतात. सातवीला "काही नाही" म्हणेल, त्याचं नाक खरं. यावरचा निबंध नागपूरच्या डॉक्टरमंडळींपुढे जायचा होता.

बत्तिसावं नाक घरचंच, पत्नी शकुंतलाबाईंचं. एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत त्या ओल्या बाळंतीण होत्या. तापातलं दूध पोरीला नको, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि तिला शेळीच्या दुधावर ठेवलं. ते तिला मानवलं नाही. बाईंचा ताप उतरला, पण दूध आटलं आणि वासही गेला. ओवा-वावडिंगाची धुरी दिलेल्या लेकीच्या टाळूला नाक लावून त्या हुंगायच्या. काही म्हणजे काही यायचं नाही. दीड महिन्यात लेक गेली. तिचा वास कसा होता तेही आपल्याला ठाऊक नाही, हे दुःख बाईंना आठ वर्षं जाळत होतं.

"तुझं नाक मी परत आणीन," असा शब्द डॉक्टरांनी दिला होता. आणि पाळला!

फास लावून महिना झाल्यावर, भर दुपारी ओसरीवर, डोळ्यांना पट्टी बांधून बाईंनी सहाही बाटल्या बिनचूक ओळखल्या. डॉक्टरांची कळी खुलली. सातवी त्यांनी आपली नियमाला म्हणून पुढे केली.

बाईंनी ती बाटली दोन्ही हातांनी धरली.

"अहो... धुरी आहे ही. आणि टाळूवरचं तेल..."

"पाणी आहे ते, शकू."

"माझी पोर आहे ही!" बाई म्हणाल्या, आणि ढसाढसा रडल्या.

डॉक्टरांनी बाईंची पट्टी हळूच सोडली. पण गडी शास्त्राचा! नाक नव्यानं जागं झालं की मनातलेच वास येतात, हे त्यांनी वाचलं होतं. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी नवी कोरी बाटली काढली, पुन्हा पाणी उकळलं, स्वतः हुंगलं. छे, नुसतं पाणी. ती बाटली घेऊन ते घरालगतच्या आपल्या दवाखान्यात गेले. तिथं उंद्री गावचा पुंजाजी तपासणीला आला होता. त्याचं नाक उघडून वर्ष झालं होतं. या घरात कधी पाळणा हलला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"काय वास येतो, पुंजाजी? नसेल येत तर नाही म्हणा."

"येते ना साहेब, मस्त येते!" पुंजाजी हसला. "वावडिंगाची धुरी हाय. घरात बाळंतीण हाय वाटते? आमाले सांगतलं बी नाई!"

त्यानं पुन्हा हुंगलं. हसू मावळलं, आवाज खाली आला.

"साहेब... एक सांगू? लेकरू उपाशी हाय. लई दिसाचं उपाशी... त्याच्या तोंडाले तसा वास येऊन राह्यला. त्याले पाजाले सांगा."

डॉक्टरांनी बाटली त्याच्या हातून ओढलीच. त्यांनी पाणी परसातल्या केळीशी ओतून दिलं. बास झालं! उद्यापासून सातवी बाटली बंद.

ते घरात आले. माजघरात बाई मांडी घालून बसल्या होत्या, पदर आडवा धरून, सावकाश डुलत. मांडीवर कोणी नव्हतं.

"शकू..."

"हळू बोला हो. आत्ता कुठं पोटभर प्यायली... डोळा लागतोय तिचा."

पदर सरकला. चोळीवर छातीशी दोन ओले डाग पसरत होते. डॉक्टरांचं नाक जन्मापासून धडधाकट, त्याला तार कधी लागली नव्हती. त्यांना ताज्या दुधाचा वास आला, अगदी स्वच्छ. असा पान्हा फुटणं हा बाईमाणसाच्या मनाचा खेळ, असं त्यांनी वहीत लिहिलंही असतं. पण बाईंच्या मांडीवरचं लुगडं मधोमध दबलेलं होतं, आणि ते संथपणे वरखाली होत होतं.