तिसऱ्याला आवतन

गोठ्यात तीन जागा होत्या. दोन जागी बैल बांधलेले असत आणि तिसऱ्या जागी मोटार.

वत्सलाच्या सासऱ्यांनी ती घेतली तेव्हा चाके आत जातील एवढे रुंद दार घरात फक्त गोठ्यालाच होते. सासरे गेले, मोटार तिथेच राहिली. तापीकाठच्या त्या गावातली ती एकुलती मोटार, आणि मुक्काम ढवळ्या-सर्ज्याच्या शेजारी. पितळी दिवे, कापडी टप, रबरी फुगा दाबून वाजवायचा भोंगा. नवी असताना तिचा रंग कोणता होता यावर घरात दोन मते होती.

वत्सला पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा सगळे अहिराणी बोलत आणि ती नुसती हसून मान डोलवी. तिला पहिल्यापासून नीट समजेल असे घरात एकच काही बोलत होते, ती मोटार. दाब, ठिणगी, घर्षण. ड्रायव्हर लढाईत फौजेच्या लॉऱ्या चालवायला निघून गेला, तेव्हा तिने गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक वाचले, पदर खोचला आणि पाना हातात घेतला. गाव काही दिवस हसले. मग ज्याची त्याची शिवणयंत्रे आणि कुलपे दुरुस्तीला तिच्याकडे येऊ लागली आणि हसणे बंद झाले.

पण लढाई लांबली. पेट्रोल कूपनावर गेले, मोटार जी बंद पडली ती पडली, आणि लोखंडाला गिऱ्हाईक आले. वत्सलाचा नवरा सुकलाल महत्त्वाचे बोलायचे असले की कचेरीतल्या मराठीत शिरत असे.

"सदर मोटार दीर्घकाळ बंद आहे," तो एका संध्याकाळी जेवताना म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी नवापूरचा झिपरू भंगारवाला येत आहे. त्या दुपारपर्यंत ती सुरू झाली तर राहील. अन्यथा झिपरू नेईल."

"अन्यथा कोन शे?" त्याच्या आईने, जसोदाबाईंनी विचारले.

"अन्यथा म्हनजे, नही तं."

"मंग तसं बोल ना रे. मले वाटनं आखो एक पाव्हना इ ऱ्हायना."

वत्सला हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे मोटारीचे तुकडे झिपरूच्या तराजूत पडत होते.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोठ्यात जुने लुगडे पसरून इंजिन उघडले. पिस्टनवरची काजळी खरवडली, व्हॉल्व्ह पेस्ट लावून गोल गोल घासले, रेडिएटरच्या चिरेला कथलाचा डाग दिला. शेजारी ढवळ्या रवंथ करीत बघत बसे. त्याच्या पाठीवर माशी बसली की फक्त तेवढ्याच जागेची कातडी थरारे आणि माशी उडे. कातडीखाली पातळ स्नायू असतो, त्याचे हे काम. वत्सलाला ते फार आवडे. इतके नेमके यंत्र पुस्तकातही नव्हते.

डाग पक्का बसला का ते पाहायला तिने संध्याकाळी रेडिएटर काठोकाठ भरला. सकाळी पाणी निम्म्याने उतरले होते. खालची जमीन कोरडी होती. तिने पुन्हा भरला. पुन्हा उतरले, पुन्हा जमीन कोरडी. श्रावणातल्या दमट हवेत एवढी वाफ कशी होईल, याचा विचार करत तिने रेडिएटरवर हात ठेवला आणि काढून घेतला.

रेडिएटर कोमट होता. इंजिनाचे तर निम्मे भाग लुगड्यावर पडले होते.

तिने घरातले तापाचे थर्मामीटर आणले. रेडिएटरला लावले, पारा तापाच्या रेषेच्या थोडा वर थांबला. मग तुलनेसाठी सर्ज्याचे तापमान घेतले. बैलाचे जिथे घेतात तिथे. सालदार गडी दोधू चारा टाकत होता, त्याने तोंड फिरवून घेतले.

पारा त्याच रेषेवर थांबला.

"वयनी," दोधू भिंतीकडे बघतच म्हणाला, "मोटारले बी तठेच लावशात का?"

"बैल रात्रभर तिला टेकून बसतात. त्यांची ऊब लोखंडात उतरते," वत्सला म्हणाली. स्पष्टीकरण चांगले होते. त्या संध्याकाळी तिने बैल लांबच्या खुंट्यांना बांधायला लावले. सकाळी रेडिएटर तितकाच कोमट होता. पाणी मात्र या वेळी तळाला गेले होते. थर्मामीटर बिघडले असावे असे ठरवून तिने ते चिंधीत गुंडाळून ठेवले, आणि घरात पुन्हा कुणाला ते लावले नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जसोदाबाई तूप-हळदीची वाटी घेऊन गोठ्यात आल्या. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे त्या दिवशी चोळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन द्यायचे, अशी रीत. जसोदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण हात बरोबर पोचत. ढवळ्याचे खांदे झाले, सर्ज्याचे झाले. मग त्या पुढे सरकल्या आणि मोटारीचे पुढचे दोन्ही मडगार्ड चोळू लागल्या.

"आज आवतन ल्या, सकाय जेवाले या," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, ती मोटार आहे."

"मले दिसस. वझं वाहस ना? मंग आवतन बी त्याले." जसोदाबाईंना मोटार कायम पुल्लिंगी वाटे. "हाऊ मन्हा तिसरा शे."

"आणि उद्या खरेच जेवायला आला म्हणजे?"

"येई तं वाढसू. तुन्हं काय जास वं?"

वत्सलाने मनात नोंद केली की तुपावर धूळ बसेल, उद्या पुसायला हवे.

पोळ्याच्या सकाळी मोटार पुन्हा एक झाली. शेवटी वत्सलाने मॅग्नेटो बसवला. ठिणगी पाडतो तो हा भाग. तो नसला की इंजिन म्हणजे लोखंडाचा ठोकळा. ठिणगी पडते का ते पाहायला तिने तार बोटात धरली आणि दोधूला हँडल फिरवायला सांगितले. झटक्याने ती चाऱ्यावर जाऊन बसली. निकाल समाधानकारक होता.

पेट्रोल पोचत होते. हवा पोचत होती. ठिणगी पडत होती. सुकलालने हँडल मारले. मोटार खोकलीसुद्धा नाही. दोधूने मारले. पुन्हा सुकलालने. झिपरू सायकलवरून वेळेच्या आधीच आला होता. गोठ्यासमोर बाजेवर बसून पुरणपोळी खात तो उत्तेजन देत होता.

"मारा, मारा दादा. आखो एक मारा." आणि वत्सलाकडे वळून, "तूप बेस शे हं, वयनी."

हँडल उलटे फिरले आणि सुकलालचे मनगट मुरगळले. जसोदाबाई दारात उभ्या होत्या.

"पोयाले कोनी जुंपस का रे? मानसं शेतस का कोन शेतस! आज त्यानी सुटी शे."

"माय, ती मोटार शे!"

"ती शे का तो शे, आज सुटी शे."

दुपार टळली. वत्सलाने सगळे जोड पुन्हा एकदा तपासले. कुठेही चूक नव्हती, आणि हेच तिला सोसेना. चूक सापडली असती तर ती सुधारली असती. सुकलाल मनगट चोळत पुढे आला. "सदर मोटार..." त्याने सुरुवात केली, बायकोच्या तोंडाकडे पाहिले आणि वाक्य सोडून दिले. झिपरूने पूर्ण केले. पोळ्याला ओढायला बैल कोण देणार? आज तो मुक्काम करील आणि उद्या सकाळी नेईल.

वत्सलाने मॅग्नेटो काढला. लोखंड गेले तर जाऊ दे, ठिणगी ती देणार नव्हती. घरात नेऊन तिने तो आपल्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवला, कुलूप घातले, किल्ली कमरेला खोवली. मग हात धुतले, तरी काळे राहिले, आणि तशीच स्वयंपाकघरात गेली.

दिवस मावळताना दोधू मिरवणुकीतून बैल घेऊन पुढच्या दारी आला. शिंगे रंगवलेली, अंगावर झुली. जसोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पाटावर तीन ताटे होती. वत्सलाने तिसरे ताट पाहिले, पण त्या दिवशी वाद घालण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती.

ढवळ्याचे पाय धुतले. सगळे वाकून बघत होते. घरामागून भोंगा वाजला, एकदाच, आखूड.

"पोरं शेतस," झिपरू म्हणाला.

सर्ज्याचे पाय धुतले. सर्ज्या दोन पावले बाजूला सरकला. बैल शेजाऱ्याला जागा देतो, तसा.

वत्सलाने मान वर केली.

मोटार रांगेत तिसरी उभी होती.

झिपरूच्या तोंडात घास होता, तो तिथेच राहिला.

"हाई... हाई कथाईन उनी?" दोधूने विचारले.

"उशीर करा रे तू," जसोदाबाई मोटारीला म्हणाल्या. त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातले, कुंकू लावले आणि ताट रेडिएटरपुढे सरकवले. "जेव."

सुकलालला कचेरीतली मराठी सुचेना आणि अहिराणीही सुचेना.

वत्सला कंदील घेऊन घरामागे गेली. गोठ्यापासून दारापर्यंतची वाट चढाची होती आणि ओल्या चिखलाची. चाकांचे माग स्वच्छ उमटले होते. ढकलणाऱ्याचे पाऊल मागे एकही नव्हते. पुढे ओढणाऱ्याचेही नव्हते.

तिने कमर चाचपली. किल्ली होती. ट्रंक उघडली. मॅग्नेटो लुगड्यांखाली होता, थंडगार.

ती परतली तेव्हा तिन्ही ताटे चाटून पुसून स्वच्छ होती.

"कुत्रा आला होता का?" तिने दोधूला विचारले.

"नही, वयनी. मी आठेच व्हतू."

"मग तिसरे ताट कुणी खाल्ले?"

"मी बघं नही." दोधू ओशाळला. "कोनी जेवी ऱ्हायना तं त्यानाकडे बघू नही."

झिपरूने सायकल काढली होती. अंधार पडतोय, नवापूर लांब आहे, हे त्याला सांगायला हवे होते. पण ऐकू जाईल इतक्या जवळ तो राहिला नव्हता.

सकाळी मोटार दाराशीच होती. वत्सलाने मॅग्नेटो बसवला. सुकलालने डाव्या हाताने, भीत भीत, हँडल अर्धे फिरवले आणि मोटार सुरू झाली. आवाज एकसारखा, भरदार. वत्सला कान देऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, ते तिने काळ्या हाताने पुसले आणि गालही काळा केला.

"सदर मोटार..." सुकलाल म्हणाला. मग थोडे थांबून, "ऱ्हाऊ दे."

तो आत गेला. पेट्रोल वाचवायला वत्सलाने इंजिन बंद केले. सगळे शांत झाले. तूप-हळद पुसायची राहिली होती, म्हणून तिने चिंधी घेतली.

मडगार्डवरच्या तुपावर एक माशी येऊन बसली.

माशीखालचा पत्रा, फक्त तेवढाच, थरारला. माशी उडाली.

वत्सलाने चिंधी खाली ठेवली. इंजिन बंद होते, ते तिने पुन्हा एकदा पाहून घेतले. एका निरीक्षणावरून काही म्हणता येत नाही. ती श्वास धरून तिथेच उभी राहिली.

दुसरी माशी यायला फार वेळ लागला नाही.