दिवसभर चालते

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण रजिस्टर माझ्या कपाटात आहे.

रात्र नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला बुधवार, दुपारचे तीन. पळसदरीच्या धरणापलीकडची एक वाडी.

मी फिजिओथेरपीच्या पोरांना शिकवते. लहान मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी कसं वागायचं, हा विषय. आधी आईजवळ बसा, तिला काय हवंय ते विचारा, मग मुलाला हात लावा, असं दर वर्षी सांगते. पोरं सुरेख उतरवून घेतात. पुढे ते सगळं वहीतच बसून राहतं.

प्रत्येकाला एक मूल. त्याच्या घरी बारा भेटी. प्रत्येक भेटीची नोंद, शेजारी आईचा अंगठा, शेवटी माझी सही. सहीखाली काही लिहायचं नाही, हा नियम.

विपुलला मिळाली अक्षदा. पाच वर्षांची, जन्मापासून पाय कडक. विपुल म्हणजे कडक इस्त्रीचा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप. तो फोटोपुरता.

पण रजिस्टर बघावं त्याचं.

भेट तिसरी, मान धरते. पाचवी, बसते. आठवी, वॉकर दिला, उभी राहते. बारावी, वॉकर धरून दिवसभर चालते, थकत नाही.

मी शेरा मारला, 'उत्तम'. सही ठोकली. आणि हे उत्तम डोळ्यांनी बघावं म्हणून विपुललाच घेऊन निघाले.

वाटेत त्याचं पोट तीनदा बिघडलं.

अक्षदाची आई चंद्राबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने विपुलकडे पाहिलं.

"आलास रं. एकदाच आल्तास, चार म्हयने झालं."

मी पोरीचं विचारलं.

"पोर दिवाळीत गेली, बाई."

मी रजिस्टर उघडलं. दुसरी भेट दिवाळीनंतरची होती. तिथून पुढे अकरा भेटी, अकरा अंगठे.

विपुलच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई होती.

"मॅडम, नाव चुकलं असेल," तो म्हणाला. पोरगी गेली, आणि याचं नाव चुकलं.

तेवढ्यात आतून...

टक.

टक... टक...

चंद्राबाईने मान वळवली नाही. "काय लिवलंय त्यात? वाचा."

मी तारखेसकट वाचत गेले. ती सुपातले खडे बाजूला टाकत होती.

"हां. त्याच दिवशी मान धरली."

"हां. त्या दिवशी बसली."

'वॉकर धरून दिवसभर चालते, थकत नाही' या ओळीला मी थांबले. वॉकर आमच्या कॉलेजातून कधी गेलाच नव्हता. मी आत डोकावले. एकच खोली, रिकामी. पण सारवलेल्या जमिनीवर गोल ठसे होते. चार-चार. भिंतीपर्यंत जाऊन परत फिरलेले.

आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी चार...

टक.

"जिती व्हती तवा एक पाऊल टाकलं नाय," चंद्राबाई म्हणाली. "आता थांबत नाय. थकत नाय म्हून लिवलंत ना? दमलीय ती. निजली म्हून लिवा."

सहीखाली लिहायचं नाही. नियम माझाच.

मी विपुलच्या हातात पेन दिलं. त्याने लिहिलं, 'निजली'.

आवाज थांबला नाही.

"तुमची सही?" चंद्राबाईने मला विचारलं.

मी सही केली.

मग इतकी शांतता झाली, की सुपातला तांदूळ ऐकू आला. चंद्राबाईने पदर तोंडाला लावला. आम्ही निघालो.

वाटेत विपुलने विचारलं, "मॅडम, ही भेट धरणार का?"

त्याला मी नापास केलं. दुसऱ्या परीक्षकांनी पास केलं. हल्ली खालापूरला त्याची पाटी आहे, 'बालरुग्णांसाठी विशेष सोय'.

हसले असते. पण त्या दिवसानंतर मी जुनी रजिस्टरं मोजली. अकरा वर्षं, दोनशे चौसष्ट मुलं, सगळ्यांखाली माझी सही. त्यातल्या किती मुलांचं घर मी पाहिलं?

एक.

परवा दुपारी नव्या पोरांच्या रजिस्टरांवर सह्या करत होते. बाहेर व्हरांड्यात...

टक.

मी पेन खाली ठेवलं. कान दिला.

तो एका वॉकरचा आवाज नव्हता.