आदितवारचे तांदूळ

श्रावणातला पहिला आदितवार. बाहेर ऊन-पावसाचा लपंडाव चाललेला, आणि योगिनी वाचनालयाच्या टेबलामागे उपाशी बसलेली.

रविवारी ऐकणाऱ्याच्या मुठीत तांदूळ देऊन सूर्यनारायणाची कहाणी सांगायची, मगच घास घ्यायचा, असा तिचा नेम. एरवी आई ऐकायची. पण आई लासलगावला मामाकडे गेलेली, आणि गंगापूर रोडवरच्या त्या वाचनालयात आज चिटपाखरू नव्हतं. सूर्य मावळला की मग उद्यापर्यंत नुसतं पाणी!

तेवढ्यात छत्री झटकत एक उंच तरुण आत आला.

"मोहिनी भोयेंची नवी कादंबरी आहे?"

"आहे... पण आधी माझी कहाणी ऐकाल?"

तो चपापला. "तुमची? म्हणजे प्रेमाची की—"

"इश्श! सूर्यनारायणाची. सकाळपासून उपाशी आहे हो मी."

त्याने निमूट मूठ पुढे केली. बोटांना बोटं लागली मात्र... योगिनी कहाणीची सुरुवातच विसरली.

त्याचं नाव दीपक. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा धाकटा. "दादा वेली छाटतो, मी शब्द," असं हसून सांगायचा. मोहिनी भोयेंच्या कादंबऱ्यांवर प्रबंध लिहीत होता. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. आई परतली होती, तरी योगिनीने घरी कहाणी सांगितली नाही. "वाचनालयात सांगेन," म्हणाली. आईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तांदळाची पुरचुंडी बांधून दिली.

सगळं गोड होतं. फक्त मध्ये ती मोहिनी होती.

"मोहिनी काय लिहिते, सांगू?" दीपक डोळे मोठे करून बोलायचा. "गोऱ्या साहेबाने साखळी टाकून सुरगाण्याचे डोंगर मोजले, त्यांना नंबर दिले. साहेब गेला... पण साखळी आपल्याच माणसांच्या हातात राहिली. शहरातला एक जण येतो, आजीची गाणी टेप करून नेतो आणि आपल्या नावाने छापतो. मोहिनी विचारते, आता ह्याला साहेब म्हणायचं की आपला?"

मोहिनी! ना ताई, ना बाई. नुसतं मोहिनी!

योगिनीने ती कादंबरी चुका काढण्यासाठी वाचायला घेतली. आजीच्या गाण्यापाशी आली आणि पदराने डोळे पुसत बसली. मग तर जास्तच राग आला. मलपृष्ठावर मोहिनीचा फोटो होता, सावळा आणि टपोऱ्या डोळ्यांचा. योगिनीने पुस्तक कपाटात फोटो खाली करून आडवं घातलं. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, 'देवा, मत्सर नको रे देऊस... पण तिचे डोळे जरा बारीक केले असतेस तर काय बिघडलं असतं?'

तिसऱ्या रविवारी कहाणी संपली, आणि दीपक म्हणाला, "पुढच्या रविवारी मी नाही. सुरगाण्याला जातोय, मोहिनीकडे. राहणार आहे दोन दिवस."

"जा की. तिच्या गोष्टी मोठ्या, आमच्या आपल्या मूठभर तांदळाच्या."

"रागावलात?"

"छे! उपासाला राग चालत नाही."

चौथा रविवार उजाडला. आईने हात पुढे केला, योगिनीने तांदूळ दिले नाहीत. वाचनालय झाडणाऱ्या मंगलाबाई म्हणाल्या, "आण ते तांदूळ, मी ऐकते."

"नको, मंगलाबाई..."

"मग कोण, सूर्यनारायण स्वतः येणार आहे का ऐकायला?"

उन्हाची तिरीप खिडकीच्या चौकटीवर चढत गेली. आता तिथे दोघं चुलीपाशी बसली असतील...

आणि दार वाजलं. गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला दीपक! त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि बोट टेकवलं. योगिनीचाच आवाज आला, पहिल्या रविवारची कहाणी सांगणारा.

"मला न विचारता?"

"प्रबंधाला उपयोगी पडेल वाटलं. एक प्रकरणही लिहिलं. मोहिनीला कौतुकाने ऐकवलं, तर तिने चुलीवरून मान वर करून विचारलं, 'तिला इचारलंस?' मी नाही म्हटल्यावर म्हणाली, 'सायेब गेला आणि साखळी तुझ्या हातात आली का रं? आधी जा तिच्याकडं.' तिच्या नवऱ्याने गाडीवरून एसटीपर्यंत सोडलं..."

"नवऱ्याने?" योगिनी ताठ झाली. "तिचं लग्न झालंय?"

"दोन मुलं आहेत. एवढ्यातलं तेवढंच ऐकलंत?"

ती लाजली, पण डोळे भरलेलेच होते. "माझं व्रत आहे ते. तुमचा नमुना नाही."

"म्हणूनच प्रकरण काढून टाकलं. हे तुमच्यासमोर पुसायला आलोय. पण..." तो अडखळला. "पहिली कहाणी अभ्यासासाठी टिपली. नंतरच्या दोन... अभ्यासासाठी नव्हत्या. रोज सकाळी तुमचा आवाज ऐकतो मी. आवडता तुम्ही मला. त्याची परवानगी कशी मागायची, ते मोहिनीने सांगितलं नाही."

"सगळ्या पुसा," योगिनी हळू आवाजात म्हणाली.

त्याने एकेक करून पुसल्या. चेहरा उतरला होता, तरी पुसल्या. ऊन आता खिडकीच्या वरच्या काठाला टेकलं होतं. योगिनीने पुढे होऊन त्याच्या मुठीत तांदूळ ठेवले, आणि बोटं तिथेच राहू दिली.

"आवाज हवा असेल तर दर रविवारी यायचं. श्रावण संपला तरी."

"आणि बाकीच्या वारी?"

"विचारायला शिकलात ना आता?" ती खाली पाहत हसली. "मग ते आईला विचारा."

मोकळ्या हाताने तिने मागच्या कपाटातलं पुस्तक उचललं, मोहिनीचा फोटो वर करून टेबलावर ठेवलं... आणि मावळतं ऊन तिघांवर असतानाच कहाणीला सुरुवात केली.