गोदामाच्या नकाशावरचं नाव

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे, आणि भर उन्हात घडलेलं आहे. भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्यांनी एकदा हिंगोलीत मे महिन्याची दुपार काढून बघावी.

साल १९७६. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता. मी सोनाजी, शिरड शहापूरचा. हिंगोलीत अमृतरावसाहेबांच्या नकाशे काढायच्या ऑफिसात कामाला होतो.

माझं काम अक्षरांचं. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे. मी तो ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं उतरवायचो, खोल्यांची नावं घालायचो आणि खाली कोपऱ्यात चौकट आखून लिहायचो... कामाचं नाव, तारीख, रेखाटन कुणाचं.

ही अक्षरं मला युसूफभाईनं शिकवली. तो शेजारच्याच टेबलावर बसायचा.

आदल्या पावसाळ्यात वारंगा फाट्यावरचं धान्याचं गोदाम कोसळलं. युसूफभाई आत होता.

त्याचं टेबल तसंच रिकामं राहिलं.

उन्हाळ्यात एक दिवस साहेबांनी मला जवळ बसवलं.

"लेकरा, ते गोदाम नव्यानं बांधून राहिले. जुना नकाशा भिजून गेला. ह्या पेन्सिलीवरून साफ उतरव. आन् रेखाटनात तुझंच नाव घाल. किती दिवस दुसऱ्याच्या नावानं राबतू?"

"तारीख कोणती घालू?"

"ती मी घालीन."

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तसं झालं माझं. आमच्या घरात कुणाचं नाव नकाशावर आलं नव्हतं. आई तर वस्तीभर सांगत सुटली.

ब्लूप्रिंट तेव्हा आम्ही उन्हावर काढायचो. काचेच्या फ्रेमीत खाली रसायनाचा मसाला फासलेला कागद, वर ट्रेसिंग. बाराच्या उन्हात फ्रेम ऑफिसच्या छतावर, माळवदावर ठेवायची, मग कागद पाण्यात सोडायचा. पाण्यात तो निळा होतो आणि पांढरी अक्षरं उमटतात.

मी फ्रेम ठेवली आणि जिन्यात सावलीला बसलो.

पारवे घुमत होते. ते एकदम गप्प झाले.

मग...

खर्र... खर्र...

ब्लेडनं शाई खरवडायचा आवाज. चुकलेलं अक्षर आम्ही तसंच काढायचो. आवाज फ्रेमीकडून येत होता.

वर जाऊन बघितलं. माळवदावर कुणीच नव्हतं.

कागद पाण्यात सोडला. गोदाम उमटलं. मापं उमटली. कोपऱ्यातली चौकट उमटली. रेखाटन...

युसूफ.

अक्षर त्याचंच. ते मी झोपेतही ओळखीन.

ट्रेसिंग पाहिलं. तिथं माझंच नाव, जसंच्या तसं. दुसरी प्रिंट काढली. युसूफ. तिसरी काढली. पुन्हा युसूफ.

भीती मागे पडली आणि मला संताप आला. एवढा जीव लावला होता या माणसाला. आणि मेल्यावरही त्याला माझं नाव खपत नव्हतं!

साहेबांना दाखवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणाला दावलं हे?"

"न्हाई, कोणाला न्हाई."

"मंग गप ऱ्हा."

त्यांनी ट्रेसिंग आणि प्रिंटा कपाटात टाकल्या आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी मी रहिमाबीकडे गेलो. युसूफभाईची आई. लेक गेल्यापासून घरात एकटीच. गोदाम नव्यानं बांधतायत म्हटलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"कोन बांधून राहिलं बेटा? तिथं तर नुसता मलबा पडलाय. त्याची चौकशी लागली. परभनीचा साहेब येनार, मला बी बोलावलंय."

"चौकशी?"

"माझा युसूफ म्हनत होता, तुमच्या साहेबानं खांब बारीक काढले. नकाशावर तुझं नाव टाक म्हनले त्याला. त्यानं न्हाई टाकलं. गोदामात जाऊन बराबर बघतो म्हनला, अन् गेला..."



मला सगळं उमगलं. साहेब त्या रिकाम्या जागेत जुनी तारीख घालणार होते. पडलेल्या गोदामाचा नकाशा माझ्या नावावर होणार होता, आणि युसूफभाईचा जीवही माझ्याच माथी बसणार होता. लेकरा लेकरा म्हणत त्यांनी केसानं गळा कापला माझा.

तरी मी सुटकेचा निःश्वास टाकला. सरकारात प्रिंटच दाखवतात, आणि प्रिंटेवर माझं नाव नव्हतं ना! मेलेल्या माणसाला कोण तुरुंगात टाकणार?

चौकशी डाक बंगल्यात झाली, दुपारचीच. रहिमाबी दाराशी बसली होती. अमृतरावसाहेबांनी प्रिंटेची गुंडाळी टेबलावर ठेवली.

"नकाशा कुणी उतरवला?" परभणीच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

अमृतरावांनी माझ्याकडे बोट केलं. मी घाईनं बोललो, "युसूफभाईनं, साहेब. त्याचंच नाव आहे. उघडून बघा."

रहिमाबीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. 

डोक्यावर पंखा फिरत होता... पण त्याचा आवाज येईना.

अधिकाऱ्यानं गुंडाळी उलगडली. मोठ्यानं वाचलं.

"रेखाटन... सोनाजी."

मी झेप घेऊन बघितलं. प्रिंट तीच होती, तिच्यावर माझ्या ओल्या अंगठ्याचा डाग होता. तारीख साहेबांनी घातलेली, जुनी. नाव माझं होतं. अक्षर युसूफभाईचं होतं, सुबक, सावकाश लिहिलेलं.

अमृतरावांनी रुमालानं डोळे पुसले.

"लेकरू हाय साहेब. चुकलं त्याचं. पदरात घ्या."

पदरात कुणी घेतलं नाही. खटला चालला, मी आत गेलो. साहेबांचं ऑफिस चालूच राहिलं.

अमृतरावांचं मी समजू शकतो. माणूस आपली कातडी वाचवतो. पण युसूफभाई? तीन तीन प्रिंटांवर त्यानंच आपलं नाव घातलं होतं. मी त्यात काय खोटं बोललो? मग ऐन वेळेला मला असं तोंडघशी का पाडलं?

सुटून आलो तेव्हा पहिल्यांदा रहिमाबीच्या घरी गेलो. मनातलं तिच्यापुढं ओकायचं होतं. दुपारची वेळ, गल्ली सुनसान. मी कडी वाजवली.

आतून तिचा थकलेला आवाज आला, "कोन है रे?"

आणि अगदी दाराला लागून, पलीकडून, एक पुरुषी आवाज म्हणाला...

"कोई न्हाई, अम्मी."

मी पुन्हा कडी वाजवली नाही.