शेऱ्यांचा रकाना

“तुमच्या बाबांचं अक्षर लागत नाही,” हे त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. प्रयोगशाळेच्या प्राणिघरातल्या कपाटातून त्यांचा स्वेटर आणि डबा आणायला मी गेले होते. दारात हा नवा पशुवैद्य उभा, हातात बाबांची नोंदवही.

“डॉक्टरांनी दुसऱ्याच्या अक्षराला नावं ठेवावीत?” मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्या हातातला स्वेटर बघून ओशाळला. त्यावर सशांचे पांढरे केस अजून होते.

बाबांनी सव्वीस वर्षं ससे सांभाळले. आता एका साबणासाठी चाळीस सशांच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते. प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीची बैठक शुक्रवारी होती आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना तिच्यापुढे वहीची स्वच्छ प्रत ठेवायची होती. बाबांचं अक्षर फक्त मला लागायचं. मी वाचायचं, त्यानं लिहायचं असं ठरलं.

आम्ही दुपारी खाद्याच्या पोत्यांवर बसायचो. वहीत छापील रकाना होता, ‘शिल्लक नग’. बाबांनी पानोपानी ‘नग’ खोडून ‘जीव’ केलं होतं.

“रोज?” त्यानं विचारलं.

“हट्टी होते.”

“घराण्यातच आहे म्हणायचं...”

मी ऐकलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी मात्र केस धुऊन गेले.

तिसऱ्या दुपारी शेऱ्यांच्या रकान्यात सापडलं: ‘साबण तोच. मागच्या वर्षीही तोच. डोळा जातो, हे दोनदा पाहिलं. पुन्हा कशाला?’

उत्तर आधीच मिळालेलं असेल, तर नियमानं परवानगी देताच येत नाही. साहेबांच्या अर्जात लिहिलं होतं, ‘प्रथमच’.

त्याचं पेन थांबलं. “साहेब म्हणालेत, शेरे वगळा.”

“आणि तुम्ही वगळणार?”

“माझी नोकरी अजून कायम नाही—”

“सशाची मान चौकटीत अडकवतात. डोळा चोळायला पंजा पोचत नाही. त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत. वगळा की. नाहीतरी अक्षर कुणाला लागत नाही.”

माझा आवाज चढला नव्हता. पण लागायचं तिथे लागलं. तो मान खाली घालून शेरा उतरवू लागला.

शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती. ती मी मनातच वाचली.

“काय लिहिलंय?”

“लागत नाही.”

शुक्रवारी बैठक संपेपर्यंत मी प्राणिघराच्या पायरीवर बसून होते. तो वही घेऊन आला.

“समितीनं सगळे शेरे वाचले. तारखांसकट. परवानगी नाकारली... चाळीस जीव शिल्लक.”

“साहेब?”

“साहेबांना कोण विचारतंय? शेरे का उतरवले, याचा खुलासा माझ्याकडे मागितलाय. लेखी.”

‘प्रथमच’ हे खोटं कुणी लिहिलं, हे समितीत एकानंही विचारलं नव्हतं.

“देतो खुलासा,” तो म्हणाला. “माझंही अक्षर वाईट आहे.”

मला हसू आलं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

“आता ती ओळ लागते का बघा ना...”

मी शेवटचं पान उघडलं. “‘नवा डॉक्टर बरा आहे. सशाला हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करतो. घरी मुलीला सांगायला हवं.’” मी वही मिटली. “सांगायचं राहूनच गेलं त्यांचं.”

त्यानं सवयीनं तळवे चोळले आणि मग माझा हात हातात घेतला.